डिस्क गेली म्हणून लगेच फोटो गेले असं नाही

अरे, घरचे फोटो ठेवलेली हार्ड डिस्क बंद पडली म्हणतोस, तर पहिलं म्हणजे ती परत परत लावून बघणं थांबव. कटकट आवाज येत असेल तर आतलं हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, गेलेलं असू शकतं, आणि तशीच चालू ठेवलीस तर ते प्लॅटरवर, म्हणजे डेटा साठवलेल्या चकतीवर, घासून उरलेले फोटोपण जातील. फ्रीजरमध्ये ठेव असं कोणीतरी सांगेलच, अजिबात ऐकू नको, आत पाणी धरतं, त्यात मुंबईची दमट हवा. लॅमिंग्टन रोडला डेटा रिकव्हरीवाले आहेत, पण जो काउंटरवरच स्क्रू काढायला बसेल त्याच्याकडून डिस्क उचल आणि सरळ निघ, ती क्लीन रूममध्येच, म्हणजे धूळ नसलेल्या खास खोलीतच, उघडायची असते. डेटा नाही निघाला तर किती पैसे घेणार ते आधीच लिहून घे.

आवाज नसेल, नुसतं फॉरमॅट मागत असेल तर प्रकरण बरंच सोपं आहे. फॉरमॅटला नाही म्हण, डीडीरेस्क्यू नावाच्या कॉपी काढणाऱ्या सॉफ्टवेअरने दुसऱ्या डिस्कवर अख्खी कॉपी काढ आणि फोटोरेक हे फोटो शोधून काढणारं सॉफ्टवेअर त्या कॉपीवर चालव, मूळ डिस्कला हात नको.

आणि कॅमेऱ्याचं जुनं कार्ड असेल तर त्यावर आता एकही फोटो काढू नको, डिलीट केलेलेसुद्धा बऱ्याचदा निघतात. मावशी, काका, फॅमिली ग्रुप, सगळ्यांना त्यांच्याकडे हे फोटो आहेत का ते आजच विचार, नंतर लोक फोन बदलतात रे.