न्यूयॉर्कमध्ये ३ दिवस आहेत, हार्लेमला जाण्यात काही अर्थ आहे का? सेफ आहे का?

अर्थ आहे आणि दिवसाढवळ्या बिनधास्त जा. हार्लेम म्हणजे न्यूयॉर्कमधली काळ्या लोकांची जुनी वस्ती. सबवेची २ किंवा ३ नंबरची ट्रेन पकडा, १३५व्या स्ट्रीटला उतरा, बाहेर आलात की समोरच शॉमबर्ग सेंटर आहे, काळ्या लोकांच्या इतिहासाची सार्वजनिक लायब्ररी, ते बघा, तिकीट नाही. बाकी काही नाही बघितलं तरी चालेल.

सेफ्टीचं तुमच्या डोक्यात कोणी घातलं असेल याचा मला अंदाज आहे. आपलेच लोक असतात, वर्षानुवर्षं न्यू जर्सीत राहून सेंट्रल पार्कच्या उत्तरेला, हार्लेमकडे, कधी पाय न ठेवलेले. माझे भाऊजी त्यातलेच. माझे बाबा नागपूरहून आले तेव्हा भाऊजींनी सगळा प्लॅन आखून ठेवला होता, नायगारा, लिबर्टी, टाइम्स स्क्वेअर, आऊटलेट मॉल. मी म्हटलं एक दिवस मला द्या, बाबांना हार्लेमला नेते. तर म्हणे तिथे म्हाताऱ्या माणसाला काय दाखवणार, त्या लोकांचं गाणं आणि बास्केटबॉल सोडून आहे काय. जेवणाच्या टेबलावर, बाबांसमोर. मला ते फार लागलं, अजून लागतं, म्हणून हे एवढं लिहितेय.

आमच्या बाबांबद्दल सांगायला हवं. एसटीत नोकरी केली आणि आयुष्यभर कागद जमवले. दीक्षाभूमीवर दसऱ्याला जे पुस्तकांचे स्टॉल लागतात तिथून पाच-दहा रुपयांच्या पुस्तिका, जलशांची गाणी छापलेल्या चोपड्या, जयंतीची पत्रकं, बंद पडलेल्या मासिकांचे अंक, सगळं एका लोखंडी ट्रंकेत. घराचं बांधकाम काढलं तेव्हा भाऊजींचाच सल्ला होता की ही रद्दी काढून टाका, वाळवी लागेल. बाबांनी ऐकलं नाही. ट्रंक शेजाऱ्यांकडे ठेवली, पण दिली नाही.

आणि शॉमबर्ग सेंटर ज्याच्या नावाने आहे तो आर्तुरो शॉमबर्ग कोण? १८७४ साली पोर्तो रिकोत जन्मलेला काळा माणूस. शाळेत एका टीचरने त्याला सांगितलं म्हणतात की काळ्या लोकांना इतिहासच नाही, थोर माणसंही नाहीत. हा माणूस प्रोफेसर वगैरे नव्हता, न्यूयॉर्कच्या एका बँकेत टपाल विभागात नोकरी करायचा आणि पगारातून जगभरातली काळ्या माणसांनी लिहिलेली पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं शोधून विकत घ्यायचा. १९२६ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशन या देणगी देणाऱ्या संस्थेच्या १०,००० डॉलरमधून न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने तो संग्रह घेतला, पुस्तकंच ५,००० च्या वर होती. पुढे तो स्वतः तिथेच क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारा, झाला, १९३८ ला वारेपर्यंत. आज तिथे १ कोटी १० लाखांच्या वर वस्तू आहेत, लेखक जेम्स बाल्डविनचे कागद आहेत, कवयित्री माया अँजेलूचे आहेत. आणि हे नुसतं गोळा करून ठेवलेलं नाही. जेकब लॉरेन्स नावाच्या तरुण चित्रकाराने दक्षिणेतून उत्तरेत आलेल्या लाखो काळ्या लोकांवर ६० चित्रांची मालिका केली, १९४०-४१ मध्ये, त्याचा अभ्यास त्याने याच लायब्ररीत बसून केला होता. ती चित्रं आज अर्धी न्यूयॉर्कच्या मोमामध्ये, म्हणजे आधुनिक कलेच्या म्युझियममध्ये, आणि अर्धी वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये आहेत. मोमाला तर तुम्ही जाणारच असाल.

तर बाबांना घेऊन गेले. आत जमिनीवर एक मोठं गोल नक्षीकाम आहे, त्याखाली कवी लँग्स्टन ह्यूजच्या अस्थी आहेत. मी सांगितलं तसे बाबा बूट काढायला लागले. तिथला गार्ड धावत आला, मला वाटलं ओरडतो आता, तर तो म्हणाला राहू द्या सर, १९९१ ला अस्थी ठेवल्या त्या कार्यक्रमात माया अँजेलू आणि कवी अमिरी बराका याच्यावर नाचले होते. मी बाबांना मराठीत सांगितलं. बाबांनी तरी बूट काढलेच, गार्डने मग काही म्हटलं नाही. नंतर शॉमबर्गची बँकेतली नोकरी आणि पुस्तकं हे सगळं सांगितल्यावर बाबांनी एकच विचारलं, याच्या घरचे लोक काय म्हणत होते?

रात्री भाऊजींनी परत विषय काढला, काय, लायब्ररी बघून आलात? बाबा जावयाशी कधी वर आवाज करून बोलत नाहीत. शांतपणे म्हणाले, जावईबापू, जोतिबांनी १८७३ ला गुलामगिरी लिहिली ती कोणाला अर्पण केली माहीत आहे काय? भाऊजींना माहीत नव्हतं. अमेरिकेत काळ्यांची गुलामी संपवायला जे लोक झटले त्यांना. मग मी फोनवर १९४६ चं पत्र काढून दाखवलं, बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइसला लिहिलेलं, की तुमच्या लोकांनी युनोकडे जो अर्ज केलाय त्याच्या प्रती पाठवा, आम्हीही अस्पृश्यांसाठी तसा विचार करतोय. ड्युबॉइसने उत्तरही दिलं, की तुमचं नाव ऐकून आहे, अस्पृश्यांबद्दल पूर्ण सहानुभूती आहे. दोन्ही पत्रं मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीने ऑनलाइन ठेवलीत, कोणीही वाचू शकतं. आणि १९७२ ला मुंबईत ढसाळ, ढाले, ज. वि. पवारांनी दलित पँथर काढली ते नाव तर अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरूनच आलं. हा सगळा आपलाच इतिहास आहे आणि तो माहीत असलेल्या मराठी माणसाने 'त्या लोकांचं आहे काय' असं म्हणणं मला सहन होत नाही. होणारही नाही.

तुमच्या ३ दिवसांचं आता. अर्धा दिवस शॉमबर्गला, मग चालत १२५व्या स्ट्रीटवरचं स्टुडिओ म्युझियम, १९६८ पासूनचं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या इमारतीत उघडलंय, आजच्या काळ्या चित्रकारांचं काम बघायचं तर हेच. वेळा वेबसाइटवर बघून निघा. शॉमबर्गमधले जुने कागद हातात घेऊन बघायचे असतील तर आधी अपॉइंटमेंट लागते, नुसतं प्रदर्शन बघायला नाही लागत. जात आणि वंश एकच आहेत असं मी म्हणत नाहीये, फरक खूप आहेत, आणि हार्लेममधल्या प्रत्येकाला आपल्याकडचं काही माहीत असेल अशी अपेक्षाही ठेवू नका. रविवारी चर्चमध्ये गॉस्पेल, म्हणजे काळ्या लोकांची भक्तिगीतं, ऐकायला टुरिस्ट बस भरून जातात त्यात मात्र जाऊ नका, लोक प्रार्थना करत असतात आणि हे फोन वर धरून शूटिंग करतात. जेवायला सिल्व्हियाज, १९६२ पासून आहे, व्हेज असाल तर कॉलर्ड ग्रीन्स ही पालेभाजी मागवण्याआधी विचारा, बऱ्याच ठिकाणी त्यात मांस घालून शिजवतात.

आणि तुमच्या घरी कोणा आजोबांची, काकांची अशी ट्रंक असेल तर रद्दीवाल्याला देऊ नका. आमची सध्या माझा चुलतभाऊ नागपुरात मोबाइलवर पान-पान स्कॅन करतोय. भाऊजी अजून म्हणतात कोण वाचणार हे. शॉमबर्गच्या रीडिंग रूममध्ये मी भरल्या टेबलांवर लोकांना तसेच कागद वाचताना बघून आलेय.