शाळेतल्या मुलीला एचआयव्ही आहे हे मुख्याध्यापकांना कळलं, तर वर्गशिक्षिकेला सांगावं का?

तुमचा प्रश्न असा आहे : नागपुरातल्या तुमच्या शाळेत दुसरीतल्या एका मुलीच्या आईने मुलीला एचआयव्ही असल्याचं तुम्हाला विश्वासाने सांगितलं. आता वर्गशिक्षिका, मदतनीस बाई आणि व्हॅनवाले काका यांना सावध करायचं का, आणि शाळेत तयारी काय ठेवायची?

कुणालाही सांगू नका. आईने लेखी संमती दिली तरच सांगा, आणि तेही तिने ज्याला सांगायला होकार दिला आहे त्यालाच. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्हीच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, मुलाला काढता येत नाही, वेगळं बसवता येत नाही आणि प्रवेशासाठी तपासणीही मागता येत नाही. खासगी शाळांनाही तो तितकाच लागू आहे.

वर्गशिक्षिकेला हे कळून उपयोगही काही नाही. डबा वाटून खाणं, एकाच नळाचं पाणी, शौचालय, कबड्डी, डास, खोकला यांतल्या कशानेही एचआयव्ही पसरत नाही. प्रश्न फक्त रक्ताचा, आणि रक्ताची काळजी प्रत्येक मुलाच्या बाबतीत सारखीच घ्यावी लागते. कारण एका मुलीचं तुम्हाला ठाऊक आहे, बाकीच्यांचं नाही. शिवाय हिपॅटायटिस बीसुद्धा रक्तातूनच पसरतो. बाईंना नाव सांगितलं की त्या नेमक्या त्याच मुलीच्या वेळी हातमोजे घालणार. मुलांच्या नजरेतून ते सुटत नाही, आणि न बोलताच सगळ्या वर्गाला कळतं. माझ्या पाहण्यात गुप्तता फुटते ती बहुतेकदा अशीच, चांगल्या हेतूने.

म्हणून नियम सगळ्यांसाठी करा. प्रत्येक मजल्यावर प्रथमोपचार पेटी आणि तिच्यात वापरून फेकायचे हातमोजे हवेत. गुडघा फुटला तर मूल मोठं असल्यास त्यालाच जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरायला सांगा. जखम साबण-पाण्याने धुवायची, तिच्यावर ब्लीच कधीच नाही. फरशीवर रक्त सांडलं तर हातमोजे घालून त्यावर जुनं कापड किंवा कागद टाका, वर १ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) ओता, किमान दहा मिनिटं थांबा आणि मग पुसा. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक भाग द्रावणात चार भाग पाणी, १० टक्के असेल तर एकास नऊ. द्रावण त्या दिवसापुरतंच बनवा. नागपूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या खोलीत ठेवलेल्या बाटलीचा जोर लवकर उतरतो, म्हणून ती थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा. शौचालयाचं ॲसिड त्यात कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. कुणाच्या उघड्या जखमेत किंवा डोळ्यात दुसऱ्याचं रक्त गेलं तर जखम साबण-पाण्याने आणि डोळा नुसत्या पाण्याने धुऊन लगेच मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात जा. बचावाची औषधं पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा असतो. धड कातडीवर रक्त लागलं तर धुणं पुरेसं आहे, घाबरायचं कारण नाही.

खरा धोका उलट दिशेने आहे. वर्गात कांजिण्या, गोवर किंवा क्षयरोग निघाला तर त्रास त्या मुलीला होऊ शकतो. अशा वेळी वर्गातल्या सगळ्याच पालकांना त्याच दिवशी निरोप पाठवा. तिची आई काय करायचं ते डॉक्टरांना विचारेल.

एचआयव्हीच्या गोळ्या सहसा दिवसातून एकदा किंवा दोनदाच असतात, त्यामुळे शाळेच्या वेळेत डोस येत नाही. पण एआरटी सेंटरच्या (या गोळ्या देणाऱ्या केंद्राच्या) तारखेला गैरहजेरी होते. रजेच्या अर्जावर ‘दवाखाना’ एवढं कारण मान्य करा. एआरटीचा शिक्का असलेला कागद मागू नका आणि फाइलला लावू नका. जनरल रजिस्टर, दाखला, प्रगतिपुस्तक, शिक्षकांचा व्हॉट्सॲप ग्रुप, कुठेही नोंद नको.

आईला दोन गोष्टी मात्र जरूर सांगा. बालसंगोपन योजनेत अशा मुलांना दरमहा मदत मिळू शकते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा. दुसरी, धाकट्या भावंडाच्या प्रवेशाच्या वेळची. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांत एचआयव्हीबाधित आणि प्रभावित मुलं वंचित गटात येतात, पण त्यासाठीचं प्रमाणपत्र पडताळणीत इतरांच्या हातात जातं. जातीचा दाखला किंवा एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला असेल तर त्यावरच अर्ज करणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

शिक्षकांचं प्रशिक्षण जरूर घ्या, पण नाव न घेता, आणि जून-जुलैतच घ्या. आईने सांगितल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात घेतलं तर लोक बरोबर अंदाज बांधतात. १ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक एड्स दिनाच्या, पोस्टरवर कवटी, फास, ‘एड्स म्हणजे मृत्यू’ असलं काही नको. ती मुलगी ते वाचणार आहे, आणि वेळेवर गोळ्या घेणारी मुलं मोठी होतात, शिकतात, नोकरीला लागतात. आठवीच्या विज्ञानात ‘आरोग्य व रोग’ पाठात एड्स येतो. तो भाग घाईने उरकू नये, एवढं त्या शिक्षकांना सांगा.

आणि उद्या एखादा पालक ‘ऐकलंय ते खरं का?’ म्हणून आला, तर हो किंवा नाही, काहीच म्हणू नका. ‘कुठल्याही मुलाच्या तब्येतीबद्दल शाळा बोलत नाही’ हे एकच वाक्य प्रत्येक वेळी, प्रत्येक मुलाबद्दल म्हणा, आणि त्यांच्या मनात भीती असेल तर १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक द्या.