उपनगराची पेठ नकाशावर कशी आखावी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उपनगरांच्या विकास आराखड्यांत मध्यवर्ती व्यापारी केंद्रासाठी जमीन राखण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यास धरून आहेत.

प्रश्न : आमच्या प्रारूप आराखड्यात स्टेशनलगतचा मोठा पट्टा वाणिज्य विभागात दाखवला आहे. तेथे आता बाजारपेठ होईल असे समजावे काय?

एवढ्यावरून तसे समजता येणार नाही. जमीन एखाद्या विभागात घालणे म्हणजे तेथे कोणता वापर चालेल हे ठरवणे. ती कोणी, कधी आणि कोणत्या क्रमाने विकसित करावी, हे नकाशातल्या विभागवार रंगांवरून ठरत नाही. नवी मुंबईत हा क्रम सिडकोला बऱ्याच अंशी ठरवता आला, कारण १९७० साली स्थापन झालेल्या या महामंडळाकडे ३४४ चौरस किलोमीटरच्या क्षेत्राचे नियोजन तर होतेच, शिवाय संपादित जमीनही त्याच्याच हाती होती. रस्ते आणि गटारे करावीत, मग भूखंड साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावेत, अशी ती पद्धत होती. मुंबईतले घाऊक बाजार वाशीला हलवले गेले आणि १९९२ च्या मे महिन्यात रेल्वे तेथे पोचली, तेव्हा कुठे वाशीला उपनगराच्या केंद्राचे रूप येऊ लागले. ज्या बेलापूरच्या नावातच ‘सीबीडी’, म्हणजे मध्यवर्ती व्यापारी केंद्र आहे, तेथे कचेऱ्या यायला बराच काळ लागला. महापालिकेकडे किंवा नगरपरिषदेकडे सहसा अशी जमीन नसते. तिच्या हाती परवानगीच असते. म्हणून वाणिज्य पट्टा केवढा मोठा आहे यापेक्षा त्यातून जाणारे रस्ते किती जवळजवळ आहेत आणि भूखंड लहान दुकानदाराला परवडतील एवढे आहेत काय, हे आधी पाहावे.

प्रश्न : केंद्रात घरे नकोत, फक्त कचेऱ्या व दुकाने असावीत, म्हणजे गोंगाटाचा त्रास होणार नाही, असे काही रहिवाशांचे म्हणणे आहे. आपले मत काय?

मला हे म्हणणे मान्य नाही. वांद्रे-कुर्ला संकुलासाठी १९७७ साली एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले आणि तेथे कचेऱ्या भरपूर आल्या, परंतु त्या मानाने घरे फार थोडी असल्याने कचेरी सुटल्यावर तिथले रस्ते ओस पडतात. आपल्या जुन्या पेठांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असे, त्यामुळे रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत कोणाची तरी नजर असे. गोंगाटाचा बंदोबस्त वेळेच्या व वापराच्या अटींनी करता येतो. त्यासाठी माणसे हलवण्याचे कारण नाही.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. उपनगर झालेल्या अनेक गावांत आठवडी बाजाराची जागा असते, आणि आठवड्याचे सहा दिवस ती मोकळी दिसते. आराखड्यापूर्वी कलम २५ प्रमाणे विद्यमान जमीन वापराचा नकाशा केला जातो, त्यात ही जागा ‘रिकामी’ म्हणून नोंदली गेली तर पुढे तिच्यावर कोणताही रंग चढू शकतो. केंद्राचे खरे बीज बहुधा त्याच जागेत असते. हा नकाशा पाहायला मिळताच बाजाराची, एसटी थांब्याची आणि जत्रेच्या मैदानाची नोंद बरोबर आहे की नाही, हे तपासावे.

प्रश्न : माझ्या जमिनीवर चौदा वर्षांपासून मंडईचे आरक्षण आहे. महापालिका ती घेतही नाही आणि सोडतही नाही. मी काय करावे?

अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षे उलटली असतील आणि जमीन संपादित झाली नसेल, तर कलम १२७ खाली आपण नोटीस देऊ शकता. नोटीस पोचल्यापासून चोवीस महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. ‘पावले’ म्हणजे नुसता पत्रव्यवहार किंवा ठराव नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ साली स्पष्ट केले आहे. नोटिशीसोबत मालकीची कागदपत्रे जोडावीत आणि मसुदा वकिलाकडून तपासून घ्यावा.

तरीही त्याआधी समावेशक आरक्षणाचा विचार अवश्य करावा. यात मालक मंडई बांधून महापालिकेकडे सुपूर्द करतो आणि उरलेल्या जागेचा विकास स्वतःसाठी करतो. आरक्षण सुटले तर आपला प्रश्न मिटेल, परंतु भाजीवाले पदपथावरच राहतील.

प्रश्न : संपादनापेक्षा नगररचना योजना बरी, असे आम्हा शेतकऱ्यांना सांगितले जाते. ते खरे आहे काय?

बहुतेक वेळा खरे आहे. योजनेत सर्वांच्या जमिनी एकत्र धरून रस्ते व सुविधांची जागा काढली जाते आणि प्रत्येक खातेदाराला आकाराने लहान, परंतु रस्त्याला लागून असलेला नीटस अंतिम भूखंड मिळतो. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखालील योजनांतून विलेपार्ले, सांताक्रूझ यांसारखी उपनगरे घडली. उलट नवी मुंबईत सरसकट संपादन झाले, १९८४ च्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले, आणि त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. योजनेत मात्र आपला अंतिम भूखंड केंद्रात येतो की कडेला, यावर त्याचे मोल ठरते. म्हणून हे भूखंड ठरवणारा अधिकारी, म्हणजे लवाद, याच्यापुढील सुनावणी चुकवू नये.

प्रश्न : हरकत कधी व कशी घ्यावी?

प्रारूप आराखड्याची सूचना राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून, मुंबईबाहेर, तीस दिवसांत. हरकतींवर नियोजन समिती सुनावणी देते. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले तज्ज्ञ असतात. शासनाची मंजुरी मिळाल्यावर कलम ३७ खाली फक्त किरकोळ फेरबदल होतो, आणि संपूर्ण आराखड्याच्या सुधारणेसाठी वीस वर्षेही जाऊ शकतात. हरकतीत सर्व्हे क्रमांक लिहावा, भाग नकाशाची प्रत जोडून त्यावर जागा खुणावून द्यावी, ‘केंद्र नको’ एवढेच न म्हणता रस्ता, मंडई व चौक कोठे हवेत ते लिहावे, सुनावणीची मागणी त्याच अर्जात करावी आणि आवक क्रमांक असलेली पोच जपून ठेवावी.