वाचकांचे प्रश्न : इस्तंबूलचा शेजार

इस्तंबूलमध्ये काढलेल्या वर्षांविषयी मी मागील अंकात लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांत ‘पूर्व आणि पश्चिम यांचा संगम’ हे शब्द आढळले. ते पर्यटकांसाठी छापलेल्या पत्रकांतून आले असावेत, कारण त्या शहरात राहणाऱ्या माणसाच्या तोंडून ते मी क्वचितच ऐकले.

प्रश्न : हे शहर अर्धे युरोपात आणि अर्धे आशियात आहे. बॉस्फोरसची सामुद्रधुनी ओलांडली की लोकांची राहणी, पोशाख, विचार बदलतात का?

बदलतात, पण पुष्कळदा आपल्या अपेक्षेच्या उलट. आशियाच्या किनाऱ्यावरील कादिकॉय आणि त्याला लागून असलेले मोदा येथे पुस्तकांची दुकाने, कॅफे आणि बिअरचे बार दाटीने आहेत, आणि धर्म ही आपली खासगी बाब आहे असे मानणाऱ्यांची ही जुनी वस्ती आहे. याउलट युरोपच्या किनाऱ्यावर, जुन्या बायझंटाइन तटबंदीच्या आत, फातिह विभागातील चार्शाम्बा या वस्तीत काळ्या वस्त्राने नखशिखान्त झाकलेल्या स्त्रिया आणि लांब झगे घातलेले दाढीधारी पुरुष हे रोजचे दृश्य आहे. पुन्हा आशियाकडे पाहावे, तर कादिकॉयला खेटून असलेले उस्कुदार हे धार्मिक वळणाचे आणि जुन्या मशिदींचे गाव आहे. म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातील खंडांची सीमा येथे फारशी उपयोगाची नाही.

उपयोगाची आहे ती ‘महाल्ले’. आपला ‘मोहल्ला’ हाच तो शब्द. शहराचे ३९ विभाग आहेत, प्रत्येक विभागात अनेक महाल्ले आहेत आणि प्रत्येक महाल्लेचा ‘मुहतार’ रहिवासीच मतदानाने निवडतात. माणूस कोठे राहतो यापेक्षा कोणत्या महाल्लेत राहतो, यावरून लोक त्याच्याविषयी अंदाज बांधतात, आणि ते अंदाज अनेकदा चुकतातही. ज्या इमारतीत मी राहत असे, तेथे तिसऱ्या मजल्यावर पाच वेळा नमाज पढणारे कुटुंब होते आणि चौथ्या मजल्यावर दर शनिवारी रात्री राकी या दारूची बाटली उघडणारे निवृत्त शिक्षक होते. रमजानात पहाटे ढोल वाजवत जाणाऱ्या माणसाला बक्षिसी दोघेही देत. शिक्षक कुरकुरत देत, एवढाच फरक.

राहता राहिली सामुद्रधुनी. बॉस्फोरसवरील पहिला पूल १९७३ साली, दुसरा १९८८ साली आणि तिसरा २०१६ साली खुला झाला. समुद्राखालून जाणारी मार्मारय रेल्वे २०१३ पासून धावते आणि उस्कुदारहून युरोपच्या काठावरील सिर्केजीला अवघ्या चार मिनिटांत पोहोचवते. तरीही घाई नसलेला माणूस ‘वापुर’नेच, म्हणजे प्रवासी बोटीने जातो, वीसेक मिनिटांचा तो प्रवास, हातात चहाचा पेला आणि सिमित नावाचे तिळाचे कडे. कडे पूर्ण खाल्ले जात नाही, त्यातील निम्मे समुद्रपक्ष्यांच्या वाट्याला जाते. आणखी एक गंमत सांगतो. बोटीत बसलेला कोणीही ‘मी युरोपात निघालो’ असे म्हणत नाही. दोन्ही काठांवरील माणसे दुसऱ्या काठाला ‘कार्शी’, म्हणजे ‘पलीकडे’, एवढेच म्हणतात.

प्रश्न : माझी मुलगी उच्च शिक्षणासाठी तेथे जाणार आहे. तिला डोके झाकावे लागेल का? एकट्या मुलीने राहणे कितपत सोयीचे आहे?

डोके झाकण्याचे बंधन नाही. केवळ मशिदीत प्रवेश करताना रुमाल लागेल, आणि मोठ्या मशिदींच्या दारात तो मिळतो. या प्रश्नाला मात्र एक इतिहास आहे आणि तो आपल्या मुलीला ठाऊक असलेला बरा. तेथे अनेक वर्षे वाद होता तो नेमका उलट होता. विद्यापीठांत रुमाल बांधून येण्यास मनाई होती, १९९७ नंतर ती कठोरपणे अमलात आणली गेली, आणि कित्येक मुलींनी शिक्षण सोडले किंवा रुमालावर केसांचा टोप चढवून वर्गात हजेरी लावली. २०१० च्या सुमारास विद्यापीठांतील ही मनाई प्रत्यक्षात संपली आणि २०१३ साली बहुतेक सरकारी कार्यालयांतूनही उठली. त्यामुळे आज चाळिशीत असलेल्या स्त्रियांपैकी एखादीच्या मनात त्या काळची जखम असते, तर दुसरीच्या मनात आता वारे उलट्या दिशेने फिरेल अशी धास्ती असते. एकाच वर्गात, एकाच बाकावर दोन्ही प्रकारच्या घरांतील मुली बसतात आणि सहसा त्यांची मैत्रीही असते. पण या विषयावर पहिल्याच भेटीत मत देऊ नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

राहण्याविषयी सांगायचे तर सरकारी वसतिगृहे मुलामुलींची वेगवेगळी असतात आणि तेथे रात्री परतण्याची वेळ ठरलेली असते. स्वतंत्र घर घ्यायचे झाल्यास काही घरमालक ‘कुटुंबालाच देऊ’ असे म्हणतात. कादिकॉय किंवा बेशिक्ताशसारख्या विद्यार्थ्यांच्या वस्त्यांत ही अडचण कमी येते, भाडे मात्र अधिक असते. महागाईमुळे भाडी इतकी भडकली होती, की जून २०२२ ते जुलै २०२४ या काळात चालू करारांतील वार्षिक भाडेवाढीवर सरकारने २५ टक्क्यांची मर्यादा घातली होती. तिचा परिणाम असा झाला, की अनेक मालक जुन्या भाडेकरूला काढून नव्याकडून दुप्पट भाडे घेण्याच्या खटपटीला लागले. करार लेखी करावा आणि अनामत रक्कम बँकेतून द्यावी.

शहरातील बस, मेट्रो, बोट यांत स्त्रियांसाठी वेगळी आसने नसतात. मात्र दुसऱ्या गावी जाणाऱ्या बसचे तिकीट काढताना प्रवासी स्त्री आहे की पुरुष हे विचारतात आणि अनोळखी स्त्रीपुरुषांना शेजारी बसवत नाहीत. मद्य दुकानांतून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत विकता येत नाही, असा कायदा २०१३ साली झाला. दिवसा विकत घेतलेली बाटलीही दुकानदार बहुधा न सांगता काळ्या पिशवीत घालून देतो. बाटली कोणापासून लपवायची असते, ते मला अखेरपर्यंत कळले नाही, कारण काळ्या पिशवीत काय असते हे रस्त्यावरील प्रत्येकाला माहीत असते.

प्रश्न : कामानिमित्त तुर्की सहकाऱ्यांशी बोलावे लागते. त्यांना आडनावाने हाक मारली तर ते अवघडल्यासारखे वाटतात. माझे काय चुकते?

आडनाव चुकते. तुर्कस्तानात आडनावे सक्तीची झाली ती १९३४ च्या कायद्याने, म्हणजे अनेक घरांत आडनाव जेमतेम तीनचार पिढ्यांचे आहे, आणि आदर अजूनही पहिल्या नावाला जोडून व्यक्त होतो : पुरुषाच्या नावापुढे ‘बेय’ आणि स्त्रीच्या नावापुढे ‘हानम’. माधवराव, राधाबाई म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे शिकवावे लागू नये.

नात्यांचे शब्द तर आपल्याला घरचेच वाटतील. रस्त्यात भेटलेली अनोळखी वयस्क स्त्री तेथेही मावशीच असते, ‘तेय्झे’. तिला आत्या म्हणत नाहीत. अनोळखी वयस्क पुरुष काका असतो, ‘आम्जा’. आपल्यापेक्षा थोडा मोठा असलेला टॅक्सीचालक, भाजीवाला, न्हावी हे सारे ‘आबी’, म्हणजे दादा. आणि मित्राची बायको ‘येंगे’, म्हणजे वहिनी. उच्चशिक्षित, धर्मनिरपेक्ष, अर्धे आयुष्य जर्मनीत घालवलेला माणूसही चहावाल्याला आबीच म्हणतो. शिक्षक, प्राध्यापक आणि इमाम या सर्वांना मिळून ‘होजा’ हा एकच शब्द आहे.

याशिवाय काही वाक्ये पाठ करावीत. काम करत असलेल्या कोणाही माणसाजवळून जाताना ‘कोलाय गेल्सिन’ म्हणायचे, म्हणजे काम सुकर होवो. झाडूवाल्यापासून बँकेतील कारकुनापर्यंत सर्वांना हे म्हणता येते. स्वयंपाक करणाऱ्याच्या हाताला आरोग्य चिंतायचे, ‘एलिनिझे साअलिक’. न्हाऊन किंवा केस कापून आलेल्यासाठीही वेगळी शुभेच्छा आहे. ही वाक्ये न म्हणणारा माणूस उद्धट ठरतो, व्याकरण चुकवणारा ठरत नाही.

ओळखीचे शब्द पुष्कळ भेटतील, पण त्यांतील काहींनी वाटेत अर्थ बदलला आहे. खानावळीत बिल मागायचे तर ‘हेसाप’ म्हणावे, तो आपला हिशेब. ‘मिसाफिर’ मात्र प्रवासी नाही, तो पाहुणा आहे. ‘तारिह’ म्हणजे तारीखही आणि इतिहासही. मला सर्वांत आवडला तो ‘सोहबेत’. मराठीत त्याची ‘सोबत’ झाली. तेथे त्याचा अर्थ निवांत गप्पा असा राहिला.

प्रश्न : तेथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते का?

नाही. १९३५ पासून ती रविवारी असते. शुक्रवारी दुपारी मात्र बाजारपेठेतील मशिदींबाहेर पदपथांवर चटया पसरलेल्या दिसतात. अर्ध्या तासासाठी वाट बदलावी.

प्रश्न : शहरात ग्रीक, आर्मेनियन, ज्यू लोक अजूनही आहेत का? आणि खरे इस्तंबूलकर कोणाला म्हणायचे?

आहेत, पण थोडे. १९२३ साली ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल झाली, तीतून इस्तंबूलच्या ग्रीकांना वगळले होते. त्यानंतर १९४२ चा संपत्तीकर आला, ज्याचा बोजा मुसलमानेतर व्यापाऱ्यांवर अवाच्या सवा टाकला गेला. सप्टेंबर १९५५ मध्ये ग्रीकांच्या दुकानांवर, घरांवर आणि चर्चांवर जमावाने हल्ले केले. आणि १९६४ साली ग्रीक नागरिकत्व असलेल्या हजारोंना देशाबाहेर काढण्यात आले. एके काळी लाखाच्या घरात असलेला हा समाज आज काही हजारांवर आला आहे, जरी त्यांच्या धर्मप्रमुखाचे पीठ फेनेर येथेच आहे. आर्मेनियन तुलनेने अधिक आहेत, त्यांच्या शाळा आणि वृत्तपत्रेही आहेत. ज्यूंपैकी बऱ्याच जणांचे पूर्वज १४९२ साली स्पेनमधून हाकलले गेल्यावर येथे आले आणि त्यांची जुनी स्पॅनिश बोली काही वृद्धांच्या तोंडी अजून आहे.

कुर्तुलूश या वस्तीत जाऊन पाहावे. तिचे जुने नाव तातावला, आणि ती मुख्यत्वे ग्रीकांची होती. तेथील बेकऱ्यांत ईस्टरचा वेणीसारखा गोड पाव वर्षभर मिळतो आणि तो घेणाऱ्यांत मुसलमानच अधिक असतात. ज्यांच्या सणाचा तो पाव आहे ते गेले, पाव राहिला. कोणी याला सहिष्णुता म्हणते तेव्हा मला तो शब्द गिळवत नाही.

खरे इस्तंबूलकर कोण, हा प्रश्न तेथे विचारला तर उत्तराऐवजी ‘तुमचे मूळ गाव कोणते?’ असा प्रतिप्रश्न येतो. १९५० साली शहरात सुमारे १० लाख लोक होते, आज दीड कोटीहून अधिक आहेत, आणि वाढीचा मोठा भाग सिवास, कास्तामोनू, ओर्दू अशा प्रांतांतून आला. त्यांनी रातोरात उभारलेल्या घरांना ‘गेजेकोंदू’ म्हणतात. शब्दशः ‘रात्रीत बसवलेले’. गाववाल्याला तेथे ‘हेमशेहरी’ म्हणतात, आणि आपल्याकडील चाकरमान्यांच्या मंडळांसारख्या त्यांच्याही संस्था आहेत, ज्या लग्नकार्याला, नोकरीला आणि मृतदेह गावी नेण्याला उपयोगी पडतात. कुर्दांची संख्या फार मोठी आहे. २०११ नंतर सीरियातून आलेल्यांनी आक्सारायच्या रस्त्यांवर अरबी पाट्या आणल्या, आणि काल गावाहून आलेले लोक आज या सीरियनांविषयी जे बोलतात, तेच त्या गाववाल्यांच्या आजोबांविषयी जुने शहरवासी बोलत असत.

प्रश्न : शाकाहारी माणसाचे तेथे जमेल काय?

उत्तम जमेल, फक्त ‘एत’ म्हणजे मांस या शब्दात अनेकांच्या लेखी कोंबडी येत नाही, हे लक्षात ठेवावे. मी मांस खात नाही म्हटल्यावर समोर कोंबडीचे ताट आले, असे माझ्याबाबतीत दोनदा घडले. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्यांचा ‘झेयतिन्याअली’ नावाचा स्वतंत्र वर्गच आहे. मसुराचे सूप आणि राजम्यासारख्या पांढऱ्या घेवड्याची उसळ घेण्यापूर्वी हाडांचा रस्सा घातला आहे का, ते विचारावे.

प्रश्न : मी गेल्या वर्षापासून इस्तंबूलमध्ये राहते. शेजारणीने वाडगाभर गोड खीर आणून दिली. वाडगा धुऊन परत करू का? आणि ही खीर कोणत्या धर्माची?

ती ‘आशुरे’ असणार. गहू, हरभरे, घेवडा, सुके अंजीर, जर्दाळू, बेदाणे एकत्र शिजवून वर डाळिंबाचे दाणे आणि अक्रोड घालतात. नूहची नौका प्रलयानंतर जमिनीला टेकली तेव्हा उरलेसुरले सर्व एका भांड्यात शिजवले, अशी तिची कथा सांगतात. ती मुहर्रम महिन्यात करतात. अलेवी या मुसलमान पंथाची मंडळी बारा दिवसांच्या उपवासानंतर करतात, सुन्नी घरांत उपवास नसला तरी ती होते, आणि आर्मेनियन घरांत तिच्याचसारखी एक खीर नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास होते. इमारतीतील प्रत्येक दारी ती जाते, आत राहणारा कोण आहे हे पाहिले जात नाही. म्हणून धर्म विचारू नये, ‘एलिनिझे साअलिक’ म्हणावे.

वाडगा धुऊन ठेवा, पण रिकामा नेऊ नका. तो रीत म्हणून भरूनच परत जातो, हे आपल्या आईनेही आपल्याला सांगितले असेल. घाई करण्याचे कारण नाही, आठवडाभर उशीर झाला तरी चालतो. फार तिखट पदार्थ टाळावा. मी शंकरपाळे नेले होते, आणि चौथ्या मजल्यावरील शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी स्वतःचा रिकामा वाडगा घेऊन माझे दार वाजवले होते.