डब्याच्या पिशवीतलं पुस्तक

प्रिय मावशी, जय ख्रिस्त.

आम्ही वडगाव शेरीत राहतो. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंचे यजमान मार्चमध्ये तीन आठवडे रुग्णालयात होते. ऑफिसला जाताना रोज मी काकूंना डबा पोहोचवायचे. काका घरी आले त्या दिवशी डब्याच्या पिशवीत मी बायबलमधला नवा करार आणि प्रभूच्या संदेशाची एक छापील पत्रिका ठेवली. दुसऱ्या दिवशी काकूंनी डबा घासूनपुसून परत आणला. आत मूठभर साखर होती आणि पिशवीत पुस्तक, पत्रिका तशीच. म्हणाल्या, "यासाठी होता का गं डबा?" तेव्हापासून लिफ्टमध्ये हसतात, पण घरात येत नाहीत. आमचे हे म्हणतात, विषय सोड. चर्चमध्ये पाळकसाहेब विचारतात, या महिन्यात कुणाला साक्ष दिलीस, म्हणजे प्रभूबद्दल कुणाला सांगितलंस? आणि ऑफिसात कुणी 'रविवारी कुठे होतीस' विचारलं, तर मी हल्ली 'नातेवाइकांकडे' असं सांगून मोकळी होते. मी चुकले का? की घाबरले?

– तुझी एक वाचक

प्रिय मुली,

थोडी चुकलीस, आणि त्यानंतर उगाच घाबरलीस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या मूठभर साखरेपाशी थांबले. मन दुखावलेलं असतानाही काकूंनी डबा रिकामा दिला नाही. त्यांनी दार लावून घेतलेलं नाही, हे आधी लक्षात घे.

आता चुकीबद्दल. पुस्तक देण्यात गैर काहीच नाही. ते डब्यासोबत गेलं, तिथे बिनसलं. तीन आठवडे जे त्यांनी माया म्हणून खाल्लं, त्याचं शेवटच्या दिवशी बिल आल्यासारखं त्यांना वाटलं. तुझ्या मनात तसं नव्हतं, ते मला कळतं. पण हे किती लागतं, ते मी भोगलंय. माझे यजमान अंथरुणाला खिळले होते, तेव्हा ओळखीच्या एक बाई रोज संध्याकाळी येऊन बसायच्या. मला केवढा आधार वाटायचा! महिन्याभराने त्यांनी आपल्या मंडळाच्या सत्संगाचा विषय काढला. 'तुम्ही येऊ लागलात तर यांना उतार पडेल,' म्हणाल्या. बाई मनाने चांगल्या होत्या, आजही मी त्यांना वाईट म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून आधीच्या सगळ्या संध्याकाळींचा अर्थच मला लागेना. घरात आजारपण असलं की माणसाला कुणालाच 'नाही' म्हणवत नाही. आणि जिथे समोरच्याला 'नाही' म्हणता येत नाही, तिथे आपण श्रद्धेचा विषय काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

लूकच्या शुभवर्तमानातले ते दहा कुष्ठरोगी आठव. प्रभूने दहाही जणांना बरं केलं. आभार मानायला परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परका वाटणारा. 'बाकीचे नऊ कुठे आहेत?' असं प्रभूने विचारलं खरं, पण त्या नवांचं बरं होणं काढून घेतलं नाही. तुझा डबा तसा असू दे.

आणि तू पुण्यात राहतेस, हेही विसरू नकोस. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे, लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि शहरातली आणखी काही मंडळी गेली होती. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली आणि तेवढ्यावरून गावभर गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. त्याच पुण्यात काकूंनी तुझ्या हातची पोळी-भाजी तीन आठवडे निःशंक खाल्ली. एवढा विश्वास यायला आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढ्या गेल्या आहेत गं. तो जपायला हवा.

पाळकसाहेबांच्या प्रश्नाने तू दबून जातेस, ते ओळींमधून कळतं. हिंदू घरातून ख्रिस्ती झालेले आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आठव. त्यांना १८९३ मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला. त्याआधी दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या त्या काव्यावर. टिळकांनी ते पुस्तक वाचलं, डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावले, तरी त्यांचा बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये. लक्ष्मीबाई तर नवऱ्यामागोमाग लगेच आल्याच नाहीत. ताटातूट सोसली, रडल्या, भांडल्या, आणि काही वर्षांनी स्वतःचं मन वळलं तेव्हाच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या दोघांची नोंद कुठल्या महिन्यात करायची? पाळकसाहेबांना आदराने हे विचारून बघ. मला वाटतं, ते समजून घेतील.

मला जास्त काळजी वाटते ती त्या 'नातेवाइकांकडे'ची. तुझ्या ऑफिसातलं कुणी आषाढात पालखीबरोबर दिवेघाट चढून आलं, तर ते किती आनंदाने सांगतं! तूही कौतुकाने ऐकतेस ना? मग 'चर्चला गेले होते, उपासना होती' हे तितक्याच सहज सांग. प्रभूचा शिष्य पेत्र याने लिहिलंय की, तुमच्या आशेबद्दल जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, मात्र सौम्यतेने. तू कळूच दिलं नाहीस तर कुणी विचारील कशाला? आणि कुणी विचारलंच, तर सिद्धान्त सांगत बसू नकोस, त्यांच्या देवाशी तुलना तर मुळीच नको. शुभवर्तमानातला गरसेकरांच्या प्रदेशातला तो भूतग्रस्त बरा झाल्यावर प्रभूने त्याला घरी धाडलं आणि एवढंच सांगितलं, की देवाने तुझ्यासाठी काय केलं ते आपल्या माणसांना सांग. तुझ्यावर कुठली वेळ आली होती, कशाने तरलीस, कुठल्या रात्री प्रार्थनेनंतर झोप लागली, ते तुझ्याकडे आहेच. ते सांग. त्यावर कुणी वाद घालत नाही.

काकूंकडे या शनिवारी दुपारी जा. म्हण, "काकू, डबा फक्त डबाच होता. ते पुस्तक मला फार मोलाचं वाटतं, म्हणून दिलं, पण त्या पिशवीत ठेवायला नको होतं. माझं चुकलं." श्रद्धेबद्दल माफी मागू नकोस, आणि पुस्तकाचा विषय पुन्हा आपणहून काढू नकोस. उद्या त्यांनी काढला, तर मोकळेपणाने बोल. नाताळात करंज्या-चकल्यांचं ताट जाऊ दे, त्यात पत्रिका नको. काकांसाठी प्रार्थना मात्र रोज कर, नाव घेऊन, आपल्या घरात बसून.

आणि शनिवारी जाताना हातात काही नेऊ नकोस. डबा नको, पिशवीही नको. काकूंनी चहा टाकला तर बसून पी.

– तुझी मावशी