अमेरिकेत सरकारी हाउसिंग अथॉरिटी स्वतःची बिल्डिंग बँकेकडे गहाण ठेवू शकते का? मग भाडेकरूंचं काय?

ठेवू शकते. आणि "सरकारी जागा कधी गहाण पडत नसते" असं मला ठासून सांगणारे आमचे दाजी हे वाचत असतील तर त्यांनी खालचंही वाचावं.

माझी आत्या न्यू जर्सीत म्हाताऱ्या माणसांच्या पब्लिक हाउसिंगमध्ये, म्हणजे हाउसिंग अथॉरिटीच्या कमी भाड्याच्या घरात, राहते. एका संध्याकाळी तिचा फोन, आवाज कापरा, "बाळा, बिल्डिंग गहाण टाकतायत रे." दाराखालून पत्र सरकवलेलं, त्यातला मॉर्टगेज एवढाच शब्द तिच्या ओळखीचा. आजोबांची खटावची चार एकर सावकाराने गिळलेली, त्यामुळे गहाण म्हणजे गेलंच हे तिच्या डोक्यात पक्कं, तिने रात्रीच भांडी खोक्यात भरायला घेतली. दाजी रिअल इस्टेटमधले म्हणून त्यांना विचारलं, तर म्हणे सरकारी प्रॉपर्टीवर जप्तीच येत नाही, कोणती बँक कर्ज देईल? मी तेच आत्याला सांगितलं. आठवड्याने मीटिंगला गेलो तर पहिल्याच स्लाइडवर बँकेचं कर्ज! आत्याने माझ्याकडे असं बघितलं की बस.

दाजी अर्धे बरोबर होते. बऱ्याच राज्यांत अथॉरिटीची जागा जप्तीतून वगळलेली असते, पण त्याच कलमात पुढे असतं की मॉर्टगेजवाल्याला हे लागू नाही, तो फोरक्लोज करू शकतो, म्हणजे कर्ज थकलं तर जागा घेऊ शकतो. फक्त जुन्या पब्लिक हाउसिंगवर केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचं, हडचं, डिक्लेरेशन ऑफ ट्रस्ट नोंदवलेलं असतं, सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद असते ना तसं, म्हणून त्यांच्या परवानगीशिवाय गहाण नाही. 2012 पासून रॅड नावाची स्कीम आहे, त्यात बिल्डिंग सेक्शन 9 (पब्लिक हाउसिंगचं कलम) मधून सेक्शन 8 (भाड्याच्या सबसिडीचं कलम) मध्ये नेतात, सबसिडीचं लांब मुदतीचं कॉन्ट्रॅक्ट होतं आणि त्या जोरावर बँक कर्ज देते. छपरं गळतायत, लिफ्ट बंद, काँग्रेस पुरेसे पैसे देत नाही, एकट्या न्यूयॉर्क शहराच्या अथॉरिटीचाच 2023 चा दुरुस्तीचा अंदाज 20 वर्षांसाठी 78 अब्ज डॉलर. गहाण नाही टाकणार तर काय करणार?

भाडेकरूंचं म्हणाल तर मॉर्टगेज सोडा, यूज ॲग्रीमेंट, म्हणजे जागा कमी उत्पन्नवाल्यांच्या घरांसाठीच वापरायची असा करार, मागून घ्या. रॅडमध्ये त्याची नोंद बँकेच्या बोजाच्या आधी लागते, बँकेने जागा घेतली तरी ते टिकतं. भाडं साधारण उत्पन्नाच्या 30 टक्केच राहतं, आणि नुसतं रूपांतर झालं म्हणून जुन्या भाडेकरूला पुन्हा पात्रता तपासून बाहेर काढता येत नाही. हे त्या पत्रात दोन ओळीत सोप्या भाषेत लिहिलं असतं तर आमची म्हातारी रात्रभर जागली नसती, पण ऑफिसवाल्यांना कोण सांगणार.

हां, मी वकील नाही, गहाणाची पॉवर राज्याराज्यात वेगळी, कुठे फक्त सरकारी मदत घेतलेल्या प्रोजेक्टपुरतीच दिलेली असते, तुमच्या राज्याचा कायदा बघा.

आत्या अजून तिथेच आहे, नवीन खिडक्या बसल्यात. भांड्यांचं एक खोकं मात्र तिने उघडलेलं नाही, सोफ्यामागे ठेवलंय. आणि दाजी, दिवाळीला याल तेव्हा त्या खोक्याशेजारीच बसायचंय तुम्हाला.