संशोधन म्हणजे 'पुन्हा शोधणे' नव्हे!

समाजशास्त्रात पीएचडी करणाऱ्या एका वाचक भगिनीचा प्रश्न : "मार्गदर्शक सांगतात, प्रबंधात 'संशोधन' नको, 'शोध' लिहा, हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. विषयातले तज्ञ काय वापरतात?"

मराठी प्रबंधाला हिंदीचा अर्थ कशाला लावायचा? त्यांच्या 'संविधान संशोधना'ला आपण घटनादुरुस्ती म्हणतो, गोंधळाला जागाच नाही. शिवाय 'या विषयावर शोध केला' हे मराठीच नव्हे. शोध आपण घेतो, लावतो, नाहीतर तो लागतो. करतो ते संशोधन.

मला खरा संताप येतो तो संशोधन-पद्धतिशास्त्राच्या गाइड-पुस्तकांचा. 'संशोधन म्हणजे पुनःपुन्हा शोध' असं त्यांत बिनदिक्कत छापलेलं असतं. अहो, ही इंग्रजी 'रि-सर्च'ची फोड झाली! 'सम्' म्हणजे 'पुन्हा' कुठल्या व्याकरणात? संशोधन आलं शुध् धातूपासून, म्हणजे शुद्ध करणं. आयुर्वेदात वमन-विरेचनाने दोष बाहेर काढणं हे संशोधन, आतल्या आत शांत करणं हे संशमन. बचनाग जहाल विष. वैद्य तो गोमूत्रात भिजत घालून त्याचं शोधन करतात, मगच तो औषधात पडतो.

आपला 'शोध'ही याच शुध्‌चा. माझं मत असं, की धुंडाळण्याचा अर्थ त्याला निवडता निवडता चिकटला. तांदूळ स्वच्छ करायचे तर खडा हुडकावाच लागतो! कुणी हा अर्थविस्तार दूरान्वयाचा म्हणेल. त्याने एकदा सूप हातात घेऊन बघावं.

या अर्थाचं सर्वांत देखणं उदाहरण पुण्यातलंच. भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 एवढी वर्षं खपून, हजारावर हस्तलिखितं ताडून महाभारताची संशोधित आवृत्ती सिद्ध केली. त्यात नवं काही 'शोधलं' नाही, मागाहून शिरलेलं निवडून वेगळं केलं. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही सगळ्यांची लाडकी कथासुद्धा मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. मानवशास्त्राच्या इरावती कर्व्यांनी 'युगान्त' लिहिताना आधार घेतला तो याच आवृत्तीचा. समाजशास्त्रज्ञाचं कामही तेच आहे. गावात मुलाखती घेतल्या, की पाहुण्याला बरं वाटावं म्हणून दिलेली उत्तरं येतात, आपल्याला हवी म्हणून आपणच ऐकलेली येतात. ती बाजूला काढण्यात महिने जातात, आणि त्या महिन्यांना संशोधनाखेरीज दुसरा शब्द मला सुचत नाही.

'शोधनिबंध', 'शोधप्रबंध' हे समास रुळलेत, ते खुशाल लिहा. आणि 'तज्ञ' नाही, 'तज्ज्ञ'. तत् अधिक ज्ञ. त् चा ज् होतो, सज्जनात होतो तसाच. मार्गदर्शकांनी तो ज् खाल्ला असेल तर त्यांनाही सांगा.